एकाच आईची लेकरं, तरी माप वेगळं

गारखेड्यातल्या विभागीय क्रीडा संकुलाच्या परिसरात सकाळी फिरायला येणाऱ्यांत असे अनेक जण भेटतात, ज्यांचे मूळ गाव पैठण, गंगापूर किंवा सिल्लोड तालुक्यात आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कारखान्यांनी त्यांना शहरात आणले. सख्खा भाऊ मात्र गावी शेती करतो. दिवाळीत दोघे भेटतात तेव्हा एकाची पँट ढिली असते आणि दुसऱ्याच्या पट्ट्याला नवे भोक पाडलेले असते. शहरातल्याला चाळिशीत शुगर निघते, गावाकडच्याला नाही. मग घरात कुणीतरी म्हणतेच, ‘आपलं रक्तच तसं आहे.’ पण रक्त तर दोघांचे एकच. मग फरक कशाचा?

हाच प्रश्न घेऊन 2005 ते 2007 या काळात नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळूर इथल्या कारखान्यांत ‘इंडियन मायग्रेशन स्टडी’ झाला. खेड्यातून आलेल्या कामगाराला सांगितले गेले, की गावी राहिलेले एक सख्खे भावंड तपासणीला आणा. शक्यतो भावाला भाऊ, बहिणीला बहीण आणि वयाने सर्वांत जवळचे. एकूण 6,510 जण तपासले गेले. पुरुषांत मधुमेहाचे प्रमाण गावात राहिलेल्यांमध्ये सुमारे 6 टक्के होते, तर शहरात आलेल्यांमध्ये 14 टक्के, म्हणजे शहरातच वाढलेल्यांइतकेच. लठ्ठपणा 19 टक्क्यांवरून जवळपास 38 टक्क्यांवर गेला होता. शरीरातली चरबी तर शहरात आल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच झपाट्याने वाढत होती.

जोडी भावंडांची होती म्हणूनच हा निष्कर्ष वजनदार ठरला. आईवडील, जात, गाव, लहानपणीचे ताट हे सारे दोघांचे सारखे. त्यामुळे उरलेल्या फरकाचे बोट बरेचसे शहरी राहणीकडे जाते.

भावंडांची जोडी दुसऱ्या बाजूनेही वाचता येते. राहणी सारखी आणि तरी उंची, रक्तदाब किंवा वजन वेगळे असेल, तर जनुकांचा वाटा शोधता येतो. कारण सख्ख्या भावंडांची जनुके तंतोतंत सारखी नसतात. प्रत्येक अपत्यासाठी आईवडिलांचे पत्ते नव्याने पिसले जातात. जनुकांच्या कोणत्याही एका ठिकाणी दोन भावंडांना आईवडिलांकडून दोन्ही प्रती सारख्या मिळण्याची शक्यता पाव, एक सारखी मिळण्याची निम्मी आणि एकही सारखी न मिळण्याची पाव. सरासरी काढली तर 50 टक्के साम्य. पण 2006 मध्ये 3,375 जोड्या तपासल्या तेव्हा हे साम्य प्रत्यक्षात सुमारे 37 ते 62 टक्क्यांपर्यंत बदलते असे दिसले.

हेजमन आणि एल्स्टन यांनी 1972 मध्ये याच गोष्टीचा उपयोग केला. त्यांची कल्पना साधी होती. एखाद्या ठिकाणी दोन्ही प्रती सारख्या असलेल्या भावंडांची मापे जवळजवळ असतील आणि एकही सारखी नसलेल्यांची दूर असतील, तर त्या मापावर परिणाम करणारे जनुक तिथेच कुठेतरी आसपास आहे. 1995 मध्ये रिश आणि झांग यांनी दाखवले, की सरसकट सगळ्या जोड्या घेण्यापेक्षा एकाचे माप फार वरचे आणि दुसऱ्याचे फार खालचे अशा जोड्या निवडल्या, तर कमी खर्चात जास्त माहिती मिळते. त्यासाठी आधी हजारो घरे मोजावी लागतात, ही त्यातली मेख.

अनोळखी माणसांचीच तुलना का करू नये? कोकण आणि मराठवाड्यातली माणसे एकत्र घेऊन मासे कोण किती खातो हे मोजले, तर कोकणात जास्त आढळणारे कुठलेही जनुक ‘मासे खाण्याचे जनुक’ ठरेल. जातीतच लग्ने होणाऱ्या आपल्या समाजात वंश, ताट आणि आर्थिक स्थिती एकमेकांत गुंतलेली असते, म्हणून ही चूक सहज होते. सख्ख्या भावंडांच्या तुलनेत ती गाळली जाते. 2022 मध्ये 1,78,086 भावंडांच्या माहितीवर झालेल्या अभ्यासात, शिक्षणावर जनुकांचा जो परिणाम आधी दिसत होता तो भावंडांमध्ये जवळपास निम्म्यावर आला. उंचीत मात्र थोडीच घट झाली. पण त्या अभ्यासातली बहुतेक घराणी युरोपीय वंशाची होती. भारतीय घराण्यांची अशी मोजणी वाढायला हवी.

मोजणीत शिस्त मात्र कडक हवी. सकाळपेक्षा संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते. एकाचा रक्तदाब जिना चढून आल्यावर आणि दुसऱ्याचा पाच मिनिटे बसल्यावर घेतला, तर दिसणारा फरक जिन्याचा असतो, जनुकाचा नव्हे. कोण कोणती गोळी घेतो हेही लिहून ठेवावे लागते. वय आणि लिंग यांचा फरक हिशेबात धरावा लागतो. डीएनए तपासताना कुटुंबातले झाकलेले नातेही उघडे पडू शकते. म्हणून दोघांची स्वतंत्र संमती आणि गुप्तता आधी येते.

एवढे करूनही एकच दोषी जनुक क्वचितच हाती लागते. 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात नुसत्या उंचीशी निगडित 12,111 जनुकीय बदल सापडले. तेव्हा ‘रक्तच तसं’ हे अर्धे खरे आहे. कुटुंबात धोका असतो, पण तो किती आणि कधी वर येईल हे ताट, झोप आणि चालणेही ठरवते.

म्हणून यंदा दिवाळीत गावी गेल्यावर एकाच टेपने दोघा भावांची कंबर मोजावी. भारतीय पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर आणि बायकांसाठी 80 ही धोक्याची रेषा मानली जाते. एकाला शुगर निघाली असेल, तर दुसऱ्याने उपाशीपोटी रक्त तपासून घ्यावे. बहिणींनाही यातून वगळू नये, पिसलेले पत्ते त्यांच्याही वाट्याला आलेले असतात.