कोर्यो-मार

मध्य आशियातील, मुख्यत्वे उझबेकिस्तान व कझाकस्तान या देशांतील कोरियन समाजाची परंपरागत बोली. हा समाज स्वतःस ‘कोर्यो-साराम’ (कोर्यो लोक) म्हणवितो. ‘मार’ म्हणजे भाषा. १८६० नंतर कोरियाच्या ईशान्येकडील हामग्योंग प्रांतातील शेतकरी दुष्काळ व दारिद्र्य यांमुळे सरहद्द ओलांडून रशियाच्या अतिपूर्व भागात वसू लागले. त्यांचीच बोली कोर्यो-मारच्या मुळाशी असल्याने सोलच्या प्रमाण कोरियनहून ती प्रारंभापासून वेगळी आहे. ‘काय’ या अर्थी प्रमाण भाषेत ‘मुओत’, तर येथे ‘मुसिगि’ हा शब्द वापरतात. प्रमाण भाषेत लोपलेला सुराघातही तीत टिकून आहे. रशियनमधून तिने अनेक शब्द घेतले. गाजराच्या प्रसिद्ध कोशिंबिरीच्या ‘मोर्कोव्चा’ या नावात रशियन व कोरियन शब्दांचा संकर दिसतो.

व्लादिव्हस्टॉकच्या परिसरात कोरियन शाळा, ‘सोन्बोंग’ हे वृत्तपत्र (१९२३) व नाट्यसंस्था (१९३२) भरभराटीस आल्या होत्या. १९३७ मध्ये जपानी हेरगिरीच्या संशयाचे निमित्त करून स्टालिनच्या राजवटीने सु. १,७२,००० कोरियनांना आगगाड्यांतून मध्य आशियात हलविले. पुढील वर्षी त्यांच्या शाळांचे माध्यम रशियन झाले. वृत्तपत्र ‘लेनिन किची’ या नावाने क्झिलऑर्डा येथून चालू राहिले (१९९१ पासून ‘कोर्यो इल्बो’). परंतु त्याची भाषा प्रमाण लेखनाची होती. कोर्यो-मार स्वतः जवळजवळ कधीच लिहिली गेली नाही व तिचा वावर घरापुरता उरला. चीनमधील यानब्यान या कोरियन स्वायत्त विभागात (स्थापना १९५२) कोरियनला शासनव्यवहारात स्थान मिळाले, तसा आधार येथे नव्हता.

परिणामी रशियन शाळांत शिकलेल्या पिढ्यांस घरातील बोली पुष्कळदा समजे, पण सहज बोलता येत नसे. नातवंडांकडे नातेवाचक शब्द, पदार्थांची व विधींची नावे एवढाच वारसा आला. १९९० मध्ये सोव्हिएट संघ व दक्षिण कोरिया यांचे राजनैतिक संबंध जुळल्यानंतर कोरियन शिकण्याची सोय वाढली, मात्र शिकविली गेली ती सोलची प्रमाण भाषा. हे शिक्षण उपयुक्त असले, तरी त्याने बोलीचे पुनरुज्जीवन झाले असे म्हणता येत नाही : वर्गात शिकलेली कोरियन आजीच्या कोरियनशी पुरती जुळत नाही. कोर्यो-मार अस्खलित बोलणारे आता बहुतांशी वृद्धच आहेत. कामधंद्यासाठी दक्षिण कोरियात गेलेल्या तरुणांना पूर्वजांच्या देशातही भाषा नव्याने शिकावी लागते.