पाटी कुणाची लावायची?

गेल्या महिन्यात ओळखीतला एक तरुण कागदांची फाइल घेऊन घरी आला. वडिलांना निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून त्याला चहा-नाश्त्याचं दुकान टाकायचं आहे. एका साखळीची फ्रँचायझी घ्यावी की स्वतःच्या नावाची पाटी लावावी, एवढंच त्याला विचारायचं होतं. आम्ही दोन तास कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब इथे मांडतो, कारण या निर्णयात घरच्यांची आयुष्यभराची पुंजी लागते आणि तो बऱ्याचदा माहितीपत्रकातले फोटो पाहून घेतला जातो.

फ्रँचायझी म्हणजे दुसऱ्याचं नाव, पाककृती, मांडणी आणि मालपुरवठा ठरावीक वर्षं वापरण्याची परवानगी. भाडं, पगार, विजेचं बिल आणि तोटा तुमचा, नाव त्यांचं. त्यासाठी सुरुवातीला एकरकमी शुल्क आणि पुढे बहुधा दर महिन्याला रॉयल्टी. सगळीकडे असंच असतं असं नाही. अमूल पार्लरचालकाकडून रॉयल्टी घेत नाही. तिथे कमाई मालावरच्या कमिशनची, पिशवीच्या दुधावर अडीच टक्क्यांच्या आसपास, आइस्क्रीमवर वीसच्या आसपास. दुधासाठी गिऱ्हाईक रोज येतं, पण भाडं आइस्क्रीममधून निघतं.

त्या मुलाच्या कागदांत रॉयल्टी होती, सहा टक्के. ती विक्रीवर लागते, नफ्यावर नाही. इथेच मी त्याला थांबवलं.

समजा रोजची विक्री ८,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,४०,०००. माल कंपनीकडूनच घ्यायचा, त्यात निम्मे, १,२०,००० गेले. गाळ्याचं भाडं ३०,०००, पगार ४०,०००, गॅस-वीज-किरकोळ १५,०००. उरले ३५,०००. आता सहा टक्के रॉयल्टी २,४०,०००वर काढायची : १४,४००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १६,९९२. ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेणाऱ्या अशा खाद्यगृहाला इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही, म्हणून रॉयल्टीवर भरलेला कर परत येत नाही. ३५,०००पैकी जवळजवळ निम्मे इथेच गेले. प्रवेशशुल्क ३ लाख धरलं तर करासह ३,५४,०००. पाच वर्षांच्या करारावर पसरल्यास महिन्याला ५,९००. हाती राहिले साधारण १२,१००, आणि यात त्याच्या स्वतःच्या बारा तासांच्या उभं राहण्याचा पगार धरलेला नाही.

आता स्वतःची पाटी. घाऊक बाजारातून स्वतः खरेदी केली तर माल समजा ४० टक्क्यांत बसतो, बाकी खर्च तेच. तेवढेच १२,१०० उरायला रोज ५,४००ची विक्री पुरते. मग विचारायचं ते एवढंच : कंपनीची पाटी या ठिकाणी रोज २,६०० रुपयांचं जादा गिऱ्हाईक आणते का?

उत्तर जागेवर ठरतं. स्टेशन, एसटी स्टँड, हायवे अशा ठिकाणी माणूस अनोळखी असतो. त्याला गाडी गाठायची असते आणि ओळखीचं नाव दिसलं की तो आत शिरतो. जंबोकिंग वडापावचं पहिलं दुकान २००१ साली मालाड स्टेशनजवळ निघालं, हे यासाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. वस्तीतल्या गल्लीत मात्र रोज तेच चेहरे येतात. आठवडाभरात त्यांना चव कळते, मग पाटीकडे कुणी पाहत नाही.

पण ४० टक्क्यांचा तो आकडा आपोआप येत नाही. भाजी किती घ्यायची, तेल कधी बदलायचं, संध्याकाळी उरलेल्या बटाट्याच्या भाजीचं काय करायचं, हे हाताला माहीत असावं लागतं. स्वतःच्या दुकानात आचारी गेला की चवही जाते. फ्रँचायझीत मसाला पाकिटातून येतो. शिवाय नव्या नावाला ५,४००पर्यंत पोचायला काही महिने लागतात आणि तोवर भाडं थांबत नाही. ज्याने कधी गल्ल्यावर दिवस काढला नाही, त्याने आधी सहा महिने दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करावी असं माझं ठाम मत आहे.

कराराचे कागद मात्र सावकाश वाचले. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२चा करार कायदा आणि १९९९चा ट्रेडमार्क कायदा यांवरच काम चालतं. अमेरिकेत सही करण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला माहितीचा दस्तऐवज द्यावा लागतो आणि त्यात बंद पडलेल्या दुकानांचीही माहिती असते. इथे ती आपण मागायची. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि गाळ्याचा भाडेकरार तीन वर्षांचा, ही विसंगती त्या फाइलमध्येच होती. चौथ्या वर्षी घरमालकाने गाळा मागितला तर भरलेलं शुल्क कुठे जातं, याबद्दल करारात एक ओळ नव्हती. जवळच दुसरं दुकान न देण्याचं आश्वासनही फक्त तोंडी होतं.

करार चालू असताना त्याच प्रकारचा दुसरा धंदा न करण्याचं बंधन पाळावं लागतं. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट मान्य केली. करार संपल्यानंतरचं बंधन सहसा टिकत नाही, करार कायद्याचं कलम २७ तिथे आड येतं. तरी पाटी, पाककृती आणि पाच वर्षांत जोडलेलं नाव मागेच सोडावं लागतं. स्वतःचं नाव एका वर्गात ट्रेडमार्क म्हणून ऑनलाइन नोंदवायला व्यक्तीला ४,५०० रुपये सरकारी शुल्क लागतं, नोंदणी दहा वर्षं टिकते आणि पुढे वाढवता येते.

फाइल माझ्याकडे ठेवून तो गेला. येत्या मंगळवारी दुपारी तीन ते पाच तो त्याच कंपनीच्या एका चालू दुकानासमोर बसून गिऱ्हाईक मोजणार आहे, रविवारी सकाळी पुन्हा. बंद पडलेल्या दोन दुकानांच्या चालकांचे फोन नंबर त्याने कंपनीकडे मागितलेत. ते अजून आलेले नाहीत.