बॉलने प्यायलेलं तेल

मिलवॉकी, बोलिंग सेंटरमधलं प्रो शॉप

सकाळी ९ : लेन मशीन जुनं तेल पुसून नवा पातळ थर देतंय. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत अंतर ६० फूट. तेल साधारण ४० फुटांपर्यंतच. पुढच्या कोरड्या लाकडावर बॉलला पकड मिळते आणि तो पिनांकडे वळतो.

१० : पहिलं गिऱ्हाईक. १५ पाउंडांचा बॉल आता वळेनासा झालाय, नवा घ्यावा का, असं विचारतंय. बॉल रिॲक्टिव्ह रेझिनचा. १९९०च्या दशकात रुळलेल्या या रेझिनला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून बॉल तेल पितो आणि त्याची पकड सुटते. प्लास्टिकचा बॉल जवळपास पीत नाही, पण वळतही कमीच. घाईने नवा घेऊ नका, असं सांगून बॉल ठेवून घेतला.

११ : बोटांच्या भोकांवर वॉटरप्रूफ टेप घट्ट बसवली. बादलीच्या तळाशी टॉवेल, थर्मामीटरवर ५० अंश सेल्सिअसचं पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब. पाणी उकळतं नको. आतला गाभा आणि बाहेरचं कवच सारखं प्रसरण पावत नाही, बॉल तडकतो. म्हणूनच ओव्हन आणि डिशवॉशर वर्ज्य. वीसेक मिनिटांत पाण्यावर पिवळसर तवंग आला.

दुपारी १२ : बॉल बाहेर काढताक्षणी पुसायचा, नाहीतर वर आलेलं तेल परत आत जिरतं. पाणी बदलून पुन्हा तेच, तवंग येईनासा होईपर्यंत. मग टेप काढून भोकं खाली करून वाळत ठेवला.

३ : तेल गेलं तरी घासून गुळगुळीत झालेला पृष्ठभाग घसरतोच. बॉल फिरवणाऱ्या स्पिनरवर घासायचं ओलं ॲब्रॅलॉन पॅड धरलं : आधी ५०० ग्रिटचं, मग १०००, शेवटी २०००. बॉल फिरवत सगळ्या बाजूंना सारखा दाब. बोट फिरवलं की बारीक खरखर लागते. लेनला धरून ठेवते ती हीच.

संध्याकाळी ६ : लीग सुरू. बॉल पुन्हा वळतोय! दर फेकीआधी टॉवेलने पुसा, हे गिऱ्हाइकाला बजावून सांगितलं. २०१९च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या अधिकृत स्पर्धांत खेळ चालू असताना फक्त कोरडा टॉवेल चालतो, द्रव क्लीनर नाही.

रात्री ९ : खेळ संपताच क्लीनर फवारून मायक्रोफायबरने पुसणं सर्वांत मोलाचं. तेल अजून वरवरच असतं, सहज निघतं. गाडीच्या डिकीत मात्र बॉल ठेवू नये. इथली जानेवारीची थंडी आणि जुलैची उष्णता, दोन्ही त्याला तडे देतात. रोजची ही दोन मिनिटं ज्यांनी पाळली, त्यांचे बॉल माझ्या बादलीत क्वचितच येतात. ते तसे येऊ नयेत, हीच माझी मनापासून इच्छा.