इंजिन बंद पडलं की लहान विमान शेतातच का उतरतं?

बेळगाव : येळ्ळूरच्या शिवारात काम करताना डोक्यावरून एखादं लहान विमान घरघरत गेलं, की माणसं हमखास मान वर करतात. ती घरघर मध्येच थांबली तर?

३० मे २०२३ च्या सकाळी सांबरा विमानतळाजवळच्या होन्निहाळ गावात असाच प्रसंग आला. रेडबर्ड संस्थेचं प्रशिक्षण विमान तांत्रिक बिघाडामुळे थेट शेतात उतरवावं लागलं. आतले दोघेही किरकोळ जखमांवर बचावले. त्याच वर्षी १९ आणि २२ ऑक्टोबरला याच संस्थेच्या दोन विमानांना बारामतीजवळ अपघात झाला आणि डीजीसीएने तिचं प्रशिक्षणच थांबवलं.

इंजिन बंद पडलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येतं, असा समज आहे. तसं होत नाही. सेसना १७२ सारखं विमान ताशी साधारण १२० किलोमीटर वेग राखून तरंगत येतं. हजार फूट उंची असेल तर अडीच किलोमीटरच्या आसपास अंतर कापता येतं. पण इंजिन एकच, त्यामुळे दुसरी संधी नाही. वैमानिकाच्या हातात दोन-तीन मिनिटं, कधी तेवढीही नाहीत.

घात होतो तो बहुतेक वेळा धावपट्टीकडे परत वळण्याच्या मोहात. उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर इंजिन गेलं आणि वैमानिकाने विमान मागे वळवलं, की उंची झपाट्याने घटते. घाबरून नाक वर ओढलं तर वेग पडतो, पंखांचा आधार सुटतो आणि मग खरोखरच विमान कोसळतं. म्हणून शिकवतात ते हेच, की समोर दिसेल ते शेत धरा.

कारणं कधी कधी अगदी साधी असतात. इंधन संपणं, टाकीत पाणी शिरणं, दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरणं. बेळगावच्या उकाड्यात बर्फ कुठला, असं वाटेल. पण कार्ब्युरेटरच्या आत हवा एकदम गार होते. उड्डाणाआधी टाकीतलं थोडं इंधन काढून पाणी आहे का ते बघतात, ते उगाच नाही.

शेत कुठलं, कुठल्या महिन्यातलं, यावरही बरंच ठरतं. मेअखेर, धूळवाफ पेरणीच्या सुमारास रान कोरडं असतं, चाकं धावू शकतात. श्रावणात भाताच्या चिखलात पुढचं चाक रुतलं तर विमान उलटू शकतं. बांध आणि विजेच्या तारा तर बारमाही आहेत. वरून तारा दिसतच नाहीत, खांब दिसले तरच अंदाज येतो.

अशा वेळी धावत जाणाऱ्यांनी आधी विडी-सिगारेट विझवावी. पेट्रोल पंखांत असतं, ते गळत असू शकतं. बंद दिसला तरी पंख्याला हात लावू नये. तो फिरवला तर इंजिन अचानक चालू होऊ शकतं. ११२ ला फोन करावा. जखमींना मदत करावी, पण तुकडे उचलून घरी नेऊ नयेत, चौकशीत तेच बोलतात.