नवें वायरिंग आणि रिकामी बॅटरी

ज्या घरांत मोटार आहे त्या घरावर एक प्रसंग केव्हां ना केव्हां येतोच. सकाळीं कचेरीच्या घाईंत किल्ली फिरवावी, आणि एंजिन सुरू होण्याऐवजीं आंतून नुसता ‘टक्’ असा आवाज यावा! मग शेजारीपाजारी गोळा होतात, गाडी ढकलली जाते, आणि सर्वांचें एकमत होतें कीं, “बॅटरी गेली.” हें एकमत पुष्कळ वेळां चुकीचें असतें, कधीं तें नुसतें महाग पडतें, तर कधीं जिवावर बेततें. आज एका घडलेल्या गोष्टीच्या आधारें मी हाच विषय आपल्यापुढें मांडणार आहें.

पुण्यांतील माझ्या एका स्नेह्यांची गाडी पावसाळ्यांत महिनाभर उभी होती. तेवढ्या अवधींत उंदरांनीं बॉनेटखालीं बिऱ्हाड थाटलें आणि तारांचीं आवरणें कुरतडून टाकलीं. गाडी पंचवीस वर्षांची. तेव्हां वायरमननें एंजिनकडील तारांचा सबंध जुडगाच काढून नवें वायरिंग बसविलें. दिवे लागले, भोंगा वाजला, सेल्फ फिरला. काम उत्तम झालें असें सर्वांस वाटलें. चार दिवसांनीं गाडी सुरू होईना. बॅटरी जुनी होतीच, म्हणून नवी घेतली. पुढच्या शनिवारीं माझे स्नेही आपल्या वृद्ध मातोश्रींना घेऊन साताऱ्यास निघाले. निघतां निघतां संध्याकाळ झाली, पाऊस लागला. दिवे, वायपर आणि पंखा हीं सर्व चालू ठेवावीं लागलीं. खंबाटकीच्या घाटांत दिवे पिवळे पडले, मग तांबूस झाले, वायपर रांगूं लागला, आणि एका वळणावर एंजिन बंद पडलें. मागून मालमोटारी येत होत्या. एका भल्या ट्रकचालकानें आपली गाडी पाठीशीं उभी करून दिवे लावून ठेवले, म्हणून त्या रात्रीं अनर्थ टळला.

ही हकीकत ऐकल्यावर मीं त्यांना एकच प्रश्न विचारला : “किल्ली फिरविल्यावर, पण एंजिन सुरू होण्यापूर्वीं, बॅटरीचा लाल दिवा लागतो काय?” ते अभिमानानें म्हणाले, “छे, छे! नवें वायरिंग घातल्यापासून तो एकदांही लागलेला नाहीं. त्या बाबतींत गाडी अगदीं निर्दोष आहे!” श्रोते हो, रोगाचें मूळ याच उत्तरांत होतें. तें कसें, हें कळण्यासाठीं गाडींतील विजेचा संसार थोडा समजून घेतला पाहिजे.

या संसारांत बॅटरी ही कमावती नव्हे. ती शिलकेची पेटी आहे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाच्या पत्र्यांची, पुन्हां पुन्हां भरतां येणारी बॅटरी तयार केली. आपल्या गाडींतील बॅटरी तिचीच वंशज होय. एंजिन सुरू करतांना सेल्फ या शिलकेंतून एकदम मोठी उचल करतो. पुढें एंजिन चालूं लागलें कीं, पट्ट्यानें फिरणारा अल्टरनेटर हा घरचा कमावता पुरुष सर्व खर्च भागवितो आणि केलेली उचल परत पेटींत टाकतो. कमाईच थांबली तर नवी पेटी आणून काय होणार? तिच्यांतील शिल्लक संपेपर्यंत चार दिवस निभतील, इतकेंच. दिवसा खर्च थोडा असल्यामुळें ही गोष्ट ध्यानांत येत नाहीं. रात्र आणि पाऊस एकत्र आले म्हणजे ती उघडी पडते.

आतां लाल दिव्याकडे वळूं. चुंबक आणि तार यांपैकीं एक दुसऱ्याजवळ फिरविलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरडे यानें १८३१ सालीं दाखविलें. अल्टरनेटर याच तत्त्वावर चालतो. परंतु त्यांतील चुंबक हा कायमचा चुंबक नसून, वेटोळ्यांतून वीज सोडल्यावर जागा होणारा विद्युच्चुंबक असतो. दहीं लावण्यास जसें आधीं विरजण लागतें, तशीच अल्टरनेटरला वीज निर्माण करण्यासाठीं आधीं थोडी वीज लागते. हें विरजण बॅटरींतून निघून, किल्लीच्या स्विचमधून आणि लाल दिव्यामधून, एका बारीक तारेनें अल्टरनेटरला पोंचतें. वीज दिव्यांतून जाते म्हणून दिवा लागतो. अल्टरनेटर स्वतः वीज काढूं लागला कीं, दिव्याच्या दोन्ही टोकांशीं विजेचा दाब सारखा होतो, प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. म्हणजे हा दिवा केवळ निरोप्या नव्हे. प्रत्यक्ष कार्यांतला तो वाटेकरी आहे. बल्ब गेला किंवा त्याची तार तुटली, तर विरजण मिळत नाहीं आणि अल्टरनेटर नुसताच फिरत राहतो. क्वचित् एंजिन फार जोरानें फिरविल्यास लोखंडांत उरलेल्या अल्प चुंबकत्वावर तो जागा होतो. म्हणून “काल चार्ज झाली, आज होत नाहीं” असें कोडें पडतें.

आम्हीं तपासणी पुढील क्रमानें केली. प्रथम पट्टा पाहिला. तो ताठ होता. नंतर बॅटरीच्या दोन टोकांशीं मीटर लावला. पूर्ण भरलेली, स्वस्थ असलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. एंजिन चालू असतां तोच आंकडा साधारणपणें १३.८ ते १४.५ च्या दरम्यान जावयास हवा. येथें एंजिन बंद असतां १२.१ आणि चालू असतां १२.० असा आंकडा आला. कमाई शून्य, हें सिद्ध झालें. मग वायरमननें अल्टरनेटरची बारीक तार सोडविली, किल्ली फिरविली आणि त्या तारेचें टोक क्षणभर एंजिनच्या धातूस टेकविलें. दिवा लागला नाहीं. म्हणजे अल्टरनेटर निरपराधी. दोष दिवा आणि तार यांच्या मार्गांत. बल्ब काढून पाहिला, तो चांगला होता. शेवटीं, एंजिनकडील नवें वायरिंग आणि डॅशबोर्डाकडील जुनें वायरिंग जेथें एकमेकांस मिळतात, त्या कपलरमध्यें चोर सांपडला. जोडतांना एक पितळी पिन मागें सरकली होती. बाहेरून कपलर घट्ट बसलेला, आंत मात्र भेट नाहीं! पिन पुढें घेतली, तार पूर्ववत् जोडली. किल्ली फिरवितांच दिवा लागला, एंजिन सुरू होतांच विझला, आणि मीटरनें १४.१ हा आंकडा दाखविला. खर्च कांहींच नाहीं, वेळ अर्धा तास. नव्या बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

एक सूचना येथेंच देतों. वरील परीक्षा फक्त त्या बारीक तारेची. अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीस जोडलेली असते. ती चुकून धातूस लागली तर ठिणग्यांचा डोंब उसळेल. म्हणून ज्याला दोहोंतील भेद ओळखतां येत नाहीं, त्यानें हें काम जाणत्या वायरमनवर सोंपवावें.

दिवा योग्य रीतीनें लागून विझतो, तरीही बॅटरी भरत नाहीं, असेंही होतें. अशा वेळीं जाड तार आणि अर्थची पट्टी यांवर संशय घ्यावा. समजा, जाड तारेची जोडणी सैल आहे आणि तेथें अवघा ०.०३ ओहम रोध उत्पन्न झाला आहे. ४० अँपिअर प्रवाह वाहतांना तेवढ्यानेंही १.२ व्होल्ट वाटेंतच खर्ची पडतात. अल्टरनेटरपाशीं १४.२ असले तरी बॅटरीपाशीं १३.० च पोंचतात, आणि तेवढ्यावर ती पुरती भरत नाहीं. हें ओळखण्यासाठीं एंजिन चालू ठेवून मोठे दिवे लावावे, आणि मीटरचें एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेशीं व दुसरें बॅटरीच्या धन टोकाशीं लावावें. तेथें पाव व्होल्टाहून फार अधिक दिसलें तर वाटेंत गळती आहे असें समजावें. त्याचप्रमाणें अल्टरनेटरचें अंग आणि बॅटरीचें ऋण टोक यांमध्येंही पाहावें. वायरिंग बदलतांना अर्थची पट्टी रंगावर किंवा गंजावर तशीच आवळली जाणें, ही फार साधी आणि म्हणूनच फार वेळां होणारी चूक आहे. उलट दिवा लागला तो विझतच नसेल, तर एकतर अल्टरनेटर खरोखरच बिघडला आहे, किंवा ती बारीक तार कोठें तरी धातूस टेकली आहे.

डायनॅमो असलेल्या जुन्या गाड्यांत मात्र दिवा विरजण पुरवीत नाहीं. तेथें ‘डी’ आणि ‘एफ’ या दोन टोकांच्या तारांची अदलाबदल तर झाली नाहीं ना, हें आधीं पाहावें. अगदीं नव्या गाड्यांत हा कारभार संगणकाकडे असतो आणि दाब मुद्दाम कमीजास्त केला जातो. तेथें केवळ दिव्यावरून निर्णय करूं नये. आणि कोणत्याही गाडींत एंजिन चालू असतां बॅटरीची तार काढून “अल्टरनेटर चालतो कीं नाहीं” हें पाहण्याची जुनी खोड अजिबात सोडावी. तिच्यापायीं चांगला अल्टरनेटर क्षणांत निकामी होऊं शकतो.

श्रोते हो, या गोष्टींतून घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. बिघाड झाला कीं आपण जुन्या वस्तूकडे बोट दाखवितों, कारण नवी वस्तु निर्दोष असें आपण गृहीत धरतों. वास्तविक पहिला प्रश्न असा हवा कीं, बिघाडापूर्वीं शेवटचा हात कोठें लागला होता? दुसरें असें कीं, जो दिवा बोलावयाचा तो बोलला नाहीं, याचा अर्थ सर्व क्षेम आहे असा होत नाहीं. रोज किल्ली फिरवितांना अर्धा क्षण थांबून तो लाल दिवा लागतो ना, आणि एंजिन सुरू होतांच विझतो ना, एवढें पाहावें. माझे स्नेही आतां तसें करतात. आणि त्यांच्या मातोश्री तर गाडींत बसल्यावर, दिवा लागलेला पाहिल्याखेरीज “चला” म्हणत नाहींत.