झडप कोणाच्या फुप्फुसात बसवावी?

तळीयेसारख्या महाड-पोलादपूरकडच्या डोंगरगावांत चढण हीच फुप्फुसांची परीक्षा असते. पायवाटेवर दोनदा बसावे लागणाऱ्या आजोबांची मुले विचारतात, ‘डॉक्टर, दुर्बिणीतून झडप बसवली की दम जातो म्हणे, जमीन विकून करून घेऊ का?’ आधी निवड कशी होते, ते समजून घ्यावे.

एम्फिसीमात वायुकोश फाटून हवा कोंडते आणि फुगलेला भाग शेजारच्या बऱ्या भागाला दाबतो. श्वासनलिकेत बसवलेली झडप हवा बाहेर सोडते, आत घेत नाही. तो भाग आकसतो, उरलेल्याला जागा मिळते. अमेरिकेत २०१८ साली अशा झडपेला मान्यता मिळाली.

मात्र रुग्णाने विडी सोडून काही महिने झालेले असावेत. औषधे व श्वसनव्यायाम नीट करूनही दम उरलेला असावा. श्वसनचाचण्यांत कोंडलेली हवा बरीच आढळावी. आणि सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या खंडांमधील पडदा अखंड दिसावा. तो अपुरा असल्यास शेजारून हवा शिरते व झडप व्यर्थ ठरते. चुलीच्या धुराने बहुधा वायुकोशांपेक्षा श्वासनलिकाच अधिक बिघडतात. अशांना लाभ कमी. योग्य रुग्णांतही साधारण चौघांपैकी एकाच्या छातीत फुप्फुसाबाहेर हवा साठू शकते. म्हणून पहिले काही दिवस रुग्णालयातच राहावे.

निवड न होणे म्हणजे उपचार संपणे नव्हे. इन्हेलर, लसी, व्यायाम आणि गरजेनुसार प्राणवायू यांनीही दिवस सुसह्य होतात. जमिनीचा सौदा करण्यापूर्वी छातीरोगतज्ज्ञांना एवढेच विचारावे: ‘पडदा अखंड आहे का?’