सफरचंदाला झोपवायचं कसं?

सफरचंद खाऊन उरलेलं बी कुंडीत रुजवलं तर रोप येतं, पण त्याचा उपयोग सावलीपुरताच. बियांपासून वाढलेलं झाड मूळ फळाच्या गुणाचं निघत नाही, फळावर यायलाही बरीच वर्षं घेतं. म्हणून घरी लावायचं तर कलमच आणावं, आणि तेही उष्ण हवेत येणाऱ्या जातीचं.

शिमल्याकडची डेलिशियस सफरचंदं आपल्याकडे का होत नाहीत? उन्हाला दोष देतो आपण, पण खरी अडचण हिवाळ्याची आहे. थंडीत पानं गाळून हे झाड झोपी जातं आणि साधारण ७ अंशांच्या खालचे ८०० ते हजारभर तास मिळाले की त्याचे डोळे फुटतात. निफाडला एखाद्या पहाटे पारा तेवढा उतरतो, पण तास भरत नाहीत. मुंबई-कोकणाचं तर नावच नको. थंडी अपुरी पडली की झाड अर्धवट जागं राहतं. शेंड्याला चार पानं, बाकी फांदी मुकी.

कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती आता रोपवाटिकांत मिळतात. ‘अ‍ॅना’ इस्राएलची, ‘डॉर्सेट गोल्डन’ बहामाजची. तिसरी आपल्याच देशातली. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी तिथल्या सखल, गरम पट्ट्यात ‘एचआरएमएन-९९’ वाढवली. त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अ‍ॅनाला परागीभवनासाठी जोडीदार लागतो, म्हणून तिच्याशेजारी डॉर्सेट लावतात.

लागवड डिसेंबर-जानेवारीत करावी. दोन-तीन फूट खोल खड्ड्यात माती, कुजलेलं शेणखत, थोडी निंबोळी पेंड. काळी चिकण माती असेल तर मुरूम मिसळा किंवा गादी उंच करा, कारण पाणी तुंबलं की मुळं कुजतात. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिलाच पाहिजे. गच्चीवर लावायचं असेल तर मोठा ड्रम घ्या, बुडाला भोकं पाडा. एप्रिल-मेमध्ये आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन आणि खोडाला चुना, नाहीतर उन्हाने साल तडकते.

आता मुख्य काम. आपल्याकडे पानं आपणहून गळत नाहीत, ती गाळावी लागतात. डाळिंबाचा बहार धरणाऱ्यांना हे नवीन नाही. डिसेंबरमध्ये पाणी कमी करत आणायचं, पानं जून झाली की हाताने काढायची. पान ओरबाडू नका. देठाच्या बगलेत तांदळाएवढा डोळा असतो, तो सोबत निघून आला तर त्या जागची फूट गेली. कात्रीने देठ ठेवून पान कापावं, देठ पुढे आपोआप पडतो. मग वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या छाटून खत-पाणी सुरू करायचं. काही आठवड्यांत गुलाबी कळ्या येतात आणि उमलून पांढऱ्या होतात. एका घोसात पाचेक फुलं असतात, त्यातली एक-दोनच फळं ठेवावीत. पहिली दोन वर्षं तर सगळीच खुडावीत. जिवावर येतं, पण झाड आधी उभं राहू द्या.

रोगकिडीत पावसाळ्यातली बुरशी आणि वाळवी यांच्यावर नजर ठेवा. खोडाला बोर्डो पेस्ट लावली की बरंच काम होतं.

फळं मे-जूनच्या सुमारास तयार होतात. रंग काश्मिरी सफरचंदाइतका लाल नसतो आणि फळ फार दिवस टिकत नाही. तोडलं की खाऊन टाकावं. म्हणून घरापुरती दोन झाडं असावीत असं मी म्हणेन. सलग एकरभर लावायचा सल्ला मात्र कुणी दिला तर आधी त्याच्या बागेतलं तीन-चार वर्षांचं झाड फळांसकट बघून या. आणि कलम घेताना रोपवाल्याला जातीचं नाव विचारा. ‘सफरचंद आहे हो, येईल’ एवढंच उत्तर आलं तर पुढची रोपवाटिका गाठा.